उष्टे आणि उरलेले

मराठीत 'उष्टे' आणि 'उरलेले' हे दोन शब्द एकाच घरात राहतात, पण एका पंगतीला बसत नाहीत. पातेल्यात राहिला तो उरलेला भात. पानात राहिला तो उष्टा. भात तोच, तांदूळ तेच, शिजवणारा हातही तोच. पण उरलेल्या भाताला सकाळी फोडणी मिळते आणि घरातली मुले त्यासाठी भांडतात. उष्ट्याच्या नशिबी गाय, कुत्रे, नाहीतर मोरी. पातेले आणि पान यांत अंतर असते हातभर. त्या हातभर अंतरात भाताचे नेमके काय बिघडते, हा प्रश्न मला गेली दोन वर्षे पडला आहे; आणि गंमत अशी की तो भातामुळे पडला नाही, अळिंबीमुळे पडला.

आमच्या कर्वेनगरातल्या गल्लीत एका तरुण जोडप्याने जुन्या बंगल्याच्या मोटारखान्यात धिंगरी अळिंबी लावायला सुरुवात केली. अळिंबी म्हणजे हल्लीच्या घराघरांतले मशरूम. कोकणातली आणि मावळातली माणसे पावसाळ्यात रानातली अळंबी पारखून आणीत आणि चवीने खात. पण आमच्या पेठांतल्या घरांत तिला सरसकट कुत्र्याची छत्री म्हणत आणि तिच्या वाटेला कोणी जात नसे. आता तीच छत्री पांढऱ्याशुभ्र डबीत बसून दुकानात थंड कपाटात विराजमान होते. असो.

धिंगरीची लागवड पाहण्यासारखी असते. गव्हाचे काड किंवा भाताचा पेंढा दोन-तीन इंचांचे तुकडे करून रात्रभर भिजवतात, मग तासभर कढत पाण्यात ठेवून त्यातले इतर जंतू मारतात. निथळलेले काड पारदर्शक पिशव्यांत थराथराने भरायचे आणि दोन थरांमध्ये अळिंबीचे बियाणे पसरायचे. बियाणे म्हणजे उकडलेल्या गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेली बुरशी. पंधरा-वीस दिवसांत पिशवीभर पांढरे धागे पसरतात आणि आतले काड विरजण लागल्यासारखे घट्ट होते. मग प्लॅस्टिक कापून ती ढेप टांगायची, पाणी फवारीत राहायचे, आणि एके दिवशी तिच्या अंगातून शिंपल्यांसारखे गुच्छ बाहेर पडतात. असे दोन-तीन बहर येतात. किलोभर सुक्या काडावर अर्ध्या किलोपासून किलोपर्यंत ओली अळिंबी निघते. दीड-दोन महिन्यांत सारा खेळ आटोपतो, आणि मागे राहते एक तपकिरी, हलकी, पावसाळी रानाचा वास येणारी ढेप. आमचे शेजारी तिला 'संपलेली पिशवी' म्हणतात. "काका, संपलेल्या पिशव्या फाटकाशी ठेवल्यात. हव्या असतील तर न्या, नाहीतर उद्या गाडीत जातील."

संपलेली, पण कोणापुरती? अळिंबीपुरती. काडाला ताठपणा देणारे लिग्निन नावाचे एक चिवट द्रव्य असते. ते फोडण्याची विद्या फार थोड्या जिवांना साधली आहे आणि ही बुरशी त्यांपैकी एक. जे काड नुसते मातीत पुरले असते तर लवकर कुजले नसते, ते अळिंबीने अर्धेअधिक पचवून ठेवलेले असते. गांडुळाच्या आणि पालेभाजीच्या मुळांच्या दृष्टीने पाहिले तर स्वयंपाक संपलेला नाही; कोणीतरी भाजी निवडून, चिरून ठेवून निघून गेले आहे.

मी त्या ढेपा गच्चीवर नेऊ लागलो. त्या लगेच वाफ्यात घालायच्या नाहीत, हे आमच्या भाजीवाल्या मावशींना कुठल्याही पुस्तकावाचून ठाऊक होते. "कच्चं खत पानं पिवळी करतं," इतकेच त्या म्हणाल्या. शास्त्र हेच जरा लांबण लावून सांगते: अर्धवट कुजलेले काड मातीत गेले की ते पुरते कुजवण्यासाठी जमिनीतले सूक्ष्म जीव तिथला नत्र स्वतःच घेऊन बसतात आणि रोप उपाशी राहते. म्हणून ढेपा फोडून, त्यांत वाळका पाला आणि थोडे शेण मिसळून, ओलसर ठेवून, मधूनमधून वरखाली करीत दोन-तीन महिने थांबायचे. मग त्याचा काळा भुगा होतो. तो एक हिस्सा आणि माती तीन हिस्से. मोठ्या कारखान्यांतल्या बटन अळिंबीचे खत मिळाले तर आणखी सांभाळावे लागते. ते गव्हाचे काड, कोंबडखत, युरिया आणि जिप्सम यांचे असते. एक किलो अळिंबीमागे असे सुमारे पाच किलो खत बाहेर पडते म्हणतात. त्यात क्षार बरेच असतात. एक पावसाळा उघड्यावर धुऊन निघाले म्हणजे ते निवते. पालक त्यातही तग धरतो, कारण तो बीटचा भाऊबंद आणि बीटचे कुळ खाऱ्या मातीला सरावलेले. कोथिंबिरीची आणि मेथीची मात्र अशा मातीत नीट उगवण होत नाही. हे सारे जमले की पालक महिन्याभरात कापायला येतो, पुन्हा फुटतो, पुन्हा कापायचा. गच्चीवरच्या चार वाफ्यांत दोन माणसांना पुरून शेजारी द्यावा इतका.

या गोष्टीचा इतिहास उलट्या बाजूनेही आहे. सतराव्या शतकात पॅरिसच्या आसपासचे माळी घोड्याच्या लिदीच्या ऊबदार वाफ्यांवर खरबुजे घेत. खरबुजे संपली की त्याच जुन्या लिदीवर अळिंबी उगवते असे त्यांच्या ध्यानात आले आणि तिची रीतसर लागवड सुरू झाली. म्हणजे मुळात अळिंबीच बागेचे उरलेले खाऊन मोठी झाली. आता बाग अळिंबीचे उरलेले खाते. पहिले कोण जेवले आणि उष्टे कोणाचे, याचा निवाडा करायला बसले तर पंगत कधी उठायचीच नाही.

आपल्याकडे हा विचार पद्धतशीरपणे झाला तो इंदुरात. आल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ 1924 पासून 1931 पर्यंत तिथे होता. शेतातला पालापाचोळा, काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ठरावीक वेळी चाळवून खत करण्याची रीत त्याने तिथे बसवली आणि तिला इंदूर पद्धत असे जगभर नाव पडले. 1931 साली तिच्यावर जे पुस्तक निघाले त्याचा विषयच शेतीतली टाकाऊ द्रव्ये हा होता, आणि त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावे होती: हॉवर्ड आणि यशवंत वाड. पहिले नाव सेंद्रिय शेतीच्या प्रत्येक पुस्तकात सापडते. दुसरे शोधावे लागते. उरलेल्याची किंमत शिकवणाऱ्या पुस्तकाच्या बाबतीतही असे व्हावे, हे चमत्कारिक खरे.

इथवर सगळे गोडच चालले होते. घोळ झाला तो आमची आत्या राहायला आली तेव्हा. तिचे वय चौऱ्याऐंशी, चातुर्मास कडक. कांदेनवमीला कांद्याची शेवटची भजी खाल्ली की कार्तिकी एकादशी उजाडेपर्यंत कांदा, लसूण, वांगे तिच्या ताटात येत नाही. तिने गच्ची पाहिली, पालकाचे कौतुक केले, आणि मग खत कशाचे हे विचारले. मी सांगितले. ती म्हणाली, "मग मला वाढू नकोस, हो. तुम्ही खुशाल खा."

मी वाद घातला. आमच्या घराण्यात तो रोगच आहे. मी म्हटले, "आत्या, अळिंबी खायची नाहीस हे समजलो. पण हा तर पालक आहे."

"तिच्या उष्ट्यातला ना?"

आता आत्याच्या म्हणण्याला आधार नाही असे नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण-कांद्याच्या जोडीला कवक, म्हणजे अळिंबीचे कुळ, द्विजांना वर्ज्य सांगितले आहे, आणि त्याच श्लोकात पुढे अपवित्र जागी उगवलेले तेही वर्ज्य ठरवले आहे. परंतु हे दुसरे कलम अक्षरशः चालवायचे तर मंडईत आत्याला घेण्याजोगे काय उरेल? मेथी, शेपू, चाकवत, अंबाडी, सगळ्यांच्या मुळाशी शेणखत, सोनखत, मासळीची कुटी. आपण वाफ्यापर्यंत जात नाही म्हणून आपली भाजी पवित्र. दुसरीकडे याच परंपरेत यज्ञात उरलेले अन्न हे सर्वांत शुद्ध. गीता ते खाणाऱ्याला पापमुक्त म्हणते. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात तर उच्छिष्टावर एक सबंध सूक्त आहे आणि साऱ्या जगाला त्याच्या, म्हणजे उरलेल्याच्या, आधारावर उभे केले आहे. देवाने टाकले तो प्रसाद, माणसाने टाकले ते उष्टे, बुरशीने टाकले तो कचरा. तेव्हा वस्तूत काही बिघडलेले नसते. ती कोणाच्या तोंडून आली यावर सारे ठरते. पातेले आणि पान यांतले अंतर ते हेच.

हे सगळे मी आत्याला ऐकवले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग तुझ्या मते काहीच टाकाऊ नाही?"

मी जोरात "नाहीच" म्हणणार होतो, तेवढ्यात माझी नजर कोपऱ्यातल्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर गेली. ढेपा मातीत गेल्या, पण त्या ज्यात वाढल्या त्या पिशव्या तशाच. त्यांचे उष्टे खाणारा जीव निसर्गाने अजून जेवायला बसवलेला नाही. निसर्गात काही वाया जात नाही हे वाक्य खरे आहे. पण आपण निसर्गाच्या ताटात बसणार नाहीत अशा वस्तू करून ठेवल्या आहेत आणि वाक्य मात्र जुनेच वापरतो. पुण्याचा कचरा अनेक वर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत जाऊन पडला. त्या गावांतली माणसे रस्त्यावर आली तेव्हा कुठे शहराला कळले, की 'टाकले' या क्रियापदाला कर्म असते तसे स्थळही असते. त्या पिशव्या मी धुऊन, वाळवून कचरा वेचणाऱ्या बाईंकडे देतो. त्यात मोठा पराक्रम नाही. त्यांच्या हाताला घाण कमी लागते, इतकेच.

तेव्हा आत्याला मी म्हटले, "जे पुन्हा उपयोगी पडते ते टाकाऊ नाही."

"आणि जे पडत नाही ते?"

याचे उत्तर मला चटकन सुचले नाही, आणि ती ज्या रोखाने विचारीत होती तो खताचा नव्हता हेही तेव्हा उमगले नाही.

आमचे कर्वेनगर म्हणजे जुने हिंगणे बुद्रुक. मुठेच्या या काठावर तेव्हा माळरान आणि शेते होती. धोंडो केशव कर्वे यांनी 1896 साली पुण्यात विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला आणि 1900 साली तो हिंगण्याला आणला. जागा गणेश गोविंद गोखले यांनी दिली, सहा एकर. वर झोपडीसाठी साडेसातशे रुपये. फर्ग्युसनमधली गणिताची शिकवणी आटोपून अण्णा रोज पायी, चिखल तुडवीत, सामानसुमान घेऊन हिंगण्याला येत. समाजाने ज्यांचा जन्म 'संपला' असे ठरवले होते, त्या आठ-दहा-बारा वर्षांच्या मुली गावाबाहेरच्या त्या झोपडीत राहून शिकू लागल्या. त्यांतून शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या. कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले स्वतः विधवा. त्या संस्थेसाठी वर्गणी गोळा करीत पार अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. 1916 साली महिला विद्यापीठ निघाले. 1958 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, कर्व्यांना भारतरत्न मिळाले. 1962 साली ते गेले, आणि पुढे गावाला त्यांचे नाव मिळाले. आज त्या माळावर इतक्या इमारती आहेत की माती बघायची तर गच्चीवर जावे लागते.

आत्याच्या आजोबांच्या दोन भावजया होत्या, दोघी बालविधवा. थोरलीच्या वडिलांनी धीर करून तिला हिंगण्याला धाडले. ती शिकली, पुढे एका तालुक्याच्या गावी मुलींच्या शाळेत शिकवू लागली, सुट्टीत घरी येऊ लागली. धाकटीची दृष्टी लहानपणापासून अधू. तिला कुठे पाठवण्याचा प्रश्नच आला नाही. ती माजघरात बसून वाती वळी, डाळी निवडी. आत्याने दोघींना म्हातारपणी पाहिलेले.

"थोरल्या आजीला दिवाळीत पाट मांडीत," आत्या म्हणाली, "चांदीचं फुलपात्र ठेवीत. पगार आणायची ना ती. भाच्यांची शिक्षणं केली तिनं. लोक म्हणत, बघा, वाया जायची ती केवढी उपयोगी पडली! धाकटीला जेवायला वाढीत ते मागाहून, चुलीजवळ. तिला कुणी वाईट बोललं नाही कधी. पण तिला कुणी पाटही मांडला नाही. थोरल्या आजीनं एकदा स्वतःचा पाट उचलून तिच्याशेजारी नेऊन ठेवला होता. घरात तीन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही."

मी गप्प बसलो. 'टाकाऊतून टिकाऊ' हे बोधवाक्य मी आयुष्यभर पुण्यकर्म समजत आलो. परंतु त्याच्या पोटात एक अट दडलेली आहे: टिकाऊ होत असेल तर. काडाच्या ढेपेला ही अट लावायला हरकत नाही. ढेपेला पालक यायचा नसता तर मी ती उचलली नसती, आणि त्यात तिच्यावर अन्याय झाला असता असेही नाही. पण हीच फूटपट्टी घेऊन आपण नकळत घरात शिरतो. ज्यांनी त्या काळी विधवांच्या शिक्षणाला पैसे दिले त्यांच्यापुढे उपयोगाचाच हिशोब मांडावा लागला असेल. देणाऱ्याला दुसरी भाषा कळत नाही, आणि त्या हिशोबाने हजारो मुलींचे जन्म सावरले. त्याला नावे ठेवणारा मी कोण? पण ज्या युक्तिवादाने थोरलीला पाट मिळाला त्याच युक्तिवादाने धाकटीचा पाट पक्का नाकारला गेला. पूर्वी दोघी सारख्याच अभागी होत्या. आता एक अभागी उरली, आणि तिच्या पदरी 'उपयोगाची नाही' हे नवे विशेषण पडले.

आमच्याच भागात संध्याकाळी बागेच्या कट्ट्यावर बसणारी मंडळी पाहावीत. मुले बाहेर, घर मोठे, नोकरी संपलेली. नवा माणूस ओळख करून घेताना विचारतो, "हल्ली काय करता?" आणि सत्तरीचे गृहस्थ घाईघाईने यादी सांगतात: सोसायटीचा हिशोब, नातवाचे गणित, कुठले तरी मंडळ. त्या घाईत जी भीती असते ती धाकट्या आजीची आहे. मी स्वतः "गच्चीवर पालक करतो" असे सांगतो, आणि सांगताना आवाज जरा चढतो हे माझ्या बायकोने मला दाखवून दिले आहे.

यावर आपल्याकडे एक सोयीचे उत्तर तयार असते: त्यागाचे. झाडे दुसऱ्यांसाठी फळतात, नद्या दुसऱ्यांसाठी वाहतात, म्हाताऱ्यांनी खत व्हावे आणि पुढच्या पिढीने फुलावे. दिवाळी अंकांत असे लेख पुष्कळ येतात, आणि मला ते अलीकडे खोटे वाटू लागले आहेत. काडाने कसलाही त्याग केलेला नाही. अळिंबी तिला हवे होते ते ओरबाडून गेली. तिने पालकासाठी म्हणून काही मागे ठेवले नाही. तिथे दाता नाही, दान नाही, नुसते घडणे आहे. त्या घडण्याला सद्‌गुणाचे नाव देऊन माणसाला 'तूही असाच झीज' म्हणून सांगणे, म्हणजे पुन्हा तीच उपयोगाची फूटपट्टी. फक्त तिला भगवे फडके गुंडाळलेले. खताकडून खत करणे शिकावे. माणसाला पाट का मांडायचा, हे खत सांगू शकत नाही. थोरल्या आजीला ते कुठून कळले होते, मला सांगता येणार नाही. हिंगण्याच्या अभ्यासक्रमात ते असेल असे वाटत नाही.

आत्या वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत राहिली. गावाकडे दिवाळीत उकिरड्यावरही पणती ठेवीत, आणि उकिरड्याची दैना बारा वर्षांनीही फिटते अशी म्हण आहे, हे तिनेच आठवण करून दिले. आणि अमावास्येला संध्याकाळी केरसुणीला हळदकुंकू वाहून झाल्यावर नातसुनेच्या हाती एक पणती देऊन तिला गच्चीवर खताच्या पिंपाकडे पिटाळले. पालक मात्र तिने अखेरपर्यंत खाल्ला नाही. रोज सकाळी दोन जुड्या पुढे घेऊन निवडायला बसे. एकेक पान उलटून पाही, किडके वेगळे काढी, देठ वेगळे. माझ्या बायकोने एकदा म्हटले, "आत्या, तुम्ही कशाला त्रास घेता? खात तर नाही तुम्ही." आत्या म्हणाली, "बसल्ये आहे तर निवडत्ये," आणि देठांची वाटी माझ्याकडे सरकवून म्हणाली, "हे वरच्या पिंपात टाक. आणि पुढच्या खेपेला चाकवत लाव. पालकाला चव नसते."